छोट्या बाहुलीची चूक

आई गेल्यापासून प्लंबरची लेक बोलतच नव्हती. समजावून, चुचकारून, रागावून बाप थकला होता. शेवटी तो तिला खेळातून मुलांवर उपचार करणाऱ्या ताईंकडे नेऊ लागला.

एके दिवशी लेकीनं मोठ्या बाहुलीला निजवलं, तिच्यावर रुमाल पांघरला आणि छोट्या बाहुलीला दटावलं, "तू दंगा केलास, म्हणून आई मेली."

कोपऱ्यात बसलेला बाप ताडकन उठला. "अगं सोन्या, तसं नव्हतं गं!"

"अहो, तिला बोलू द्या," ताईंनी हातानं खुणावत त्याला खाली बसवलं. मग लेकीला हळूच विचारलं, "छोटी फार घाबरली असेल, नाही?"

लेकीनं मान हलवली आणि छोटीला पोटाशी धरून हमसाहमशी रडू लागली. तिला जवळ घ्यायला बापाचा जीव तुटत होता, पण तो हातावर हात धरून बसून राहिला.