दातवाले काका आणि त्यांचा भाडेकरू

आमच्या शेजारी कवळ्या करणारे गृहस्थ राहतात. इमारतीत त्यांना सगळे दातवाले काका म्हणतात, पण जरा दबक्या आवाजात. कारण त्यांच्याशी तुमची फार ओळख आहे असं दिसलं, की लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात.

अडतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कारखान्यात दवाखान्यांसाठी कवळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर तेच काम घराच्या पुढच्या खोलीत आणलं. लांब टेबल, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचं पिंप, घासायचं यंत्र, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले माणसांचे पांढरे जबडे. जबड्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. कोणता आकडा कोणाचा, हे फक्त काकांच्या डोक्यात.

"आमचं लग्न कोणत्या साली झालं ते विचार त्यांना, डोकं खाजवत बसतील," काकू म्हणतात. "एकशेबारा नंबरचा सुळा कुठे टेकतो ते विचार, झोपेतून उठून सांगतील."

ते यंत्र सुरू झालं की शेजारी कोणीतरी डोंगर घासून गुळगुळीत करतंय असं वाटतं. त्या आवाजाने काकांचे कान अर्धे गेले आणि माणसं पूर्ण गेली. काकू मागच्या खोलीत असतात, मुलगा फोनवर असतो, शेजारी दारातूनच ओरडून बोलतात आणि निघतात. आत जाऊन बसतो तो एकटा बोका. तीन वर्षांपूर्वी कुठूनसा आला आणि यंत्राशेजारच्या खोक्यात झोपला, तो झोपलाच. काका त्याला भाडेकरू म्हणतात. करार नाही, अनामत नाही आणि जायचं नाव नाही, म्हणून.

हा भाडेकरू रोज दुपारी चारला भिंतीबाहेरच्या पट्टीवरून चालत आमच्या गॅलरीत यायचा. गॅलरीच्या अर्ध्या भागाला जाळी लावून आम्ही माझ्या लेकीचे दोन ससे ठेवले आहेत, बटण आणि टाचणी. बोका जाळीसमोर बसायचा. पायांना प्लास्टरची पूड लागलेली, त्यामुळे नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पांढरी पावलं उमटवत यायचा. गुन्हा करताना सही करून जाणारा दुसरा गुन्हेगार मी पाहिलेला नाही.

ससे थरथरायचे, मागचा पाय आपटायचे. बटणने खाणं सोडलं. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "ससा नुसत्या भीतीनेही दगावू शकतो." हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कोणालाही सांगावं, मला सांगायला नको होतं. लेकीला साधी शिंक आली तरी मी शाळेत फोन करते, वर्गात आणखी कोण शिंकतंय ते विचारायला. त्या दिवसापासून पावणेचार वाजले की मी हातात झाडू घेऊन गॅलरीच्या दारामागे उभी राहायला लागले. बोका आला रे आला की बाहेर झेप, आरडाओरडा, झाडू. बोका पळायचा. ससे तासभर कोपऱ्यात एकमेकांत घुसून बसायचे. मग मी लेकीला सांगायची, "बघ, किती घाबरवून गेला तो."

शेवटी मी इमारतीच्या समितीला तीन पानी पत्र लिहिलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना लेखी काही मिळालं की अंगात हत्तीचं बळ येतं. त्यांनी लगेच रविवारी सभा ठेवली. ठराव असा, की बोक्याला चाळीस किलोमीटरवरच्या प्राण्यांच्या आश्रमात कायमचं पोहोचवावं.

हे सांगायला मी काकांच्या दारात गेले. ओरडूनच सांगितलं. काकांनी यंत्र बंद केलं. खोक्यात भाडेकरू पसरला होता. काकांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "ससे घाबरतात म्हणजे नेमके केव्हा घाबरतात?"

"बोका येतो तेव्हा. अजून केव्हा?"

"तसं नाही ताई. दुखतंय कुठे ते पेशंट सांगतो. टेकतंय कुठे ते कागद सांगतो." त्यांनी निळ्या कागदाची एक पट्टी काढून दाखवली. ती दातांत धरून माणूस चावला की जिथे कवळी जास्त टेकते तिथे निळा डाग पडतो. "आधी डाग बघायचा, मग घासायचं. नाहीतर चांगला दात घासला जातो."

मागून काकू म्हणाल्या, "कसले डाग बघताय? ने गं तू त्याला रविवारची वाट न बघता. मी दार उघडं ठेवते."

दुसऱ्या दिवशी काका चाळणी आणि प्लास्टरची पिशवी घेऊन हजर. गॅलरीच्या फरशीवर पातळ थर पसरायचा, ठसे बघायचे, असा बेत.

"प्लास्टर? सशांच्या पोटात गेलं म्हणजे?"

"मग पीठ द्या."

मी माझं चांगलं चाळलेलं पीठ दिलं. काकांनी जाळीच्या आत-बाहेर ते असं पसरलं की फुंकर मारली तर उडावं. "आज रोज करता तेच करा," म्हणाले. मी रोजचं केलं, जरा जोरातच केलं, कारण पुरावा चांगला उमटायला हवा होता. संध्याकाळी त्यांनी ठसे कागदावर उतरवून घेतले, फरशी झाडली, पुन्हा पीठ पसरलं.

"उद्या चारला तुम्ही घरात थांबू नका."

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"पीठ ठेवेल."

ती वीस मिनिटं मी जिन्यात उभी होते. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई दोनदा वर-खाली झाल्या आणि दोन्ही वेळा विचारलं, "किल्ली विसरलात का?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

आम्ही दोघं गॅलरीत गेलो तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवला, गुडघ्यांवर बसले आणि बॅटरीच्या उजेडात पिठाकडे एखाद्याच्या तोंडात बघावं तसं बघायला लागले.

"इथून आला. इथे बसला. ही शेपटी. दहा मिनिटं बसला असेल."

"पिठावरून दहा मिनिटं कळतात?"

"पिठावरून नाही. तो निघाला तेव्हा आणि घरी आला तेव्हा मी घड्याळ बघितलं." मग जाळीच्या आत बोट दाखवलं. "ससे वाटीपर्यंत गेले. खाल्लं. परत आले. हा एक इथे पोट टेकून आडवा झाला होता."

वाटी रिकामी होती. मग काकांनी आदल्या दिवशीचा कागद उलगडला. त्यातही बोका तसाच आला होता, तसाच बसला होता. मग एकदम चपलांचे ठसे, टाचा रुतलेले. त्यानंतर बोक्याच्या लांब उड्या, आणि जाळीच्या आत नुसता गोंधळ, घसरलेल्या, ओरबाडलेल्या रेघांचा.

"चप्पल सहा नंबर?" काकांनी विचारलं.

"सहा."

"हं." ते कागदाची सुरळी करायला लागले. "कधीकधी कवळी बरोबर असते, ताई. जीभच सारखी तिथे जाते."

मला राग आला. इतका, की पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं तर रागाच्या तळाशी भीती होती. रविवारी हा कागद सगळ्यांसमोर उघडला, तर मुलीसकट सगळी इमारत बघणार होती की सशांना कोण घाबरवत होतं. आणि नाही उघडला, तर बोका जाणार होता. त्या माणसाने कागद उघडणं साहजिकच होतं. मी असते तर फ्रेम करून लावला असता.

रविवारी सभेला खाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांनी माझं पत्र वाचलं, तीनही पानं, योग्य जागी थांबत. "दहशत" हा शब्द मी एवढ्या वेळा लिहिलाय हे मला तेव्हा कळलं. मग ते म्हणाले, "काका, तुमची बाजू?"

काका उठले. हातात सुरळी. "कागद आहेत," म्हणाले. सगळे पुढे सरकले. "पण एकाच्या तोंडाचं माप दुसऱ्याला दाखवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. हे यांच्या घरचं माप आहे. यांना वाटलं तर या दाखवतील."

आणि सुरळी माझ्या मांडीवर ठेवून ते खाली बसले. त्यांचा बोका वाचणार होता तो त्या कागदामुळे, आणि तो कागद त्यांनी मला देऊन टाकला. आता त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"नसेल काही, तर ठराव मताला टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

लेक कानाशी लागली, "आई, उघड ना. काय आहे?"

उघडला. समितीची सात डोकी वाकली. "हा कसला नकाशा?" "ही चप्पल कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "मांजर येतं तेव्हा ससे जेवतात. मी येते तेव्हा घाबरतात. तक्रार मागे घेते."

आधी शिकवणीवाल्या बाई हसल्या. मग सगळेच. अध्यक्षांनी हसताना चटकन तोंडावर हात धरला. त्यांच्या शेजारच्यांनीही धरला, आणि पलीकडच्या दोघांनीही. मी काकांकडे बघितलं. ते अगदी निरागसपणे छताकडे बघत होते. म्हणजे काकांनीच केलेल्या कवळ्या घालून ही मंडळी काकांच्या बोक्याला हद्दपार करायला निघाली होती, आणि या माणसाने त्यातलं एक अक्षर काढलं नाही.

अध्यक्षांनी गंभीर होऊन इतिवृत्तात लिहिलं: "तक्रारदारांच्या पावलांचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

"म्हणजे राहणार का तो?" काकू जिन्यात मला म्हणाल्या. "एवढी शिकलेली तू, एक बोका घालवता येईना!"

आता अडचण उरली ती माझी. चारला गॅलरीत जायचं नाही एवढंच करायचं होतं, आणि काहीच न करणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून तीनदा उठले. दुसऱ्या दिवशी पावणेचारला काकांनी दार वाजवलं. "सुटे दात मिसळलेत. निवडून देता का? माझे डोळे आता रंग ओळखत नाहीत."

अडतीस वर्षं रंग ओळखणाऱ्या माणसाचे डोळे नेमके पावणेचारला कसे गेले, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून रोज चारच्या आधी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसते. दोन वाट्या, चिमटा आणि तांदळाएवढे दात: पिवळसर इकडे, करडे तिकडे. यंत्र इतकं घरघरतं, की शेजारी माझ्या गॅलरीत काय चाललंय ते ऐकू येणं शक्य नाही. खोकं रिकामं असतं. भाडेकरू माझ्या घरी गेलेला असतो.

काल मी ओरडून विचारलं, "काका, हा दात कुठे टाकू? हा मधलाच वाटतो."

त्यांनी यंत्र बंद केलं, दात उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"मधलाच आहे," म्हणाले. "तिसरी वाटी घ्या."