लासिसीच्या दारातला तुंबा

इबादान शहरातल्या आमच्या गल्लीत लासिसी पंक्चर काढायचा. बायकोसमोर ब्र काढायची टाप नाही. पण अंगाने रेडा. म्हणून जुन्या लढायांचे सिनेमे काढणाऱ्यांनी त्याला सेनापती केला. सिनेमात मारायचा मंत्र म्हणताना, तो खरंच लागू पडू नये म्हणून, एक शब्द गाळायचा असतो. सगळेच नट गाळतात. हा गडी जोशात अख्खा मंत्र म्हणून गेला. शूटिंगची बकरी जागीच गेली म्हणतात. मी काही पाहिलं नाही. मटण मात्र खाल्लं.

सिनेमा गाजला. बाजारातल्या बायका त्याच्यापुढे गुडघे टेकू लागल्या. पक्षवाले दारात आले. निवडणुकीत समोर शाळेचे मास्तर उभे होते, पण आम्हाला फायली वाचणारा नको होता, सिनेमातल्यासारखा गोळी न लागणारा हवा होता. लासिसी नगरसेवक झाला. मी म्हटलं, "सेनापती, स्कूटरची हवा गेलीय, मंत्राने भरा की." पूर्वी खो खो हसला असता. आता नुसता बघत राहिला, सिनेमातल्यासारखा.

पावसाळ्यात नाला फुटला. लासिसी काठावर उभा राहून पाण्याला मंत्र म्हणत होता. पाणी घराघरांत शिरलं.

मग एका सकाळी त्याच्या उंबऱ्यावर वाळक्या भोपळ्याचा झाकलेला तुंबा दिसला. राजा नकोसा झाला की पूर्वी प्रजा असा तुंबा पाठवायची. त्याने तो उघडायचा आणि आपल्या हाताने आपला शेवट करायचा. हल्ली कोणी पाठवत नाही. पण सिनेमात आम्ही सगळ्यांनी पाहिलेला.

गल्ली जमली. त्याची बायको आजोके म्हणाली, "अहो मोरेनिकेचे बाबा, लाथ मारा त्याला. पंक्चरवाले आहात तुम्ही."

"लोकांनी पाठवलंय, आजोके."

ती आमच्याकडे वळली. "एकाने तरी सांगा ह्यांना, सिनेमा होता म्हणून."

मी चांगलासा विनोद योजून आलो होतो. पाहतो तर टोपी माझ्या हातात. डोक्यावरून कधी काढली, कळलं नाही. सगळ्यांच्याच टोप्या हातात होत्या, राजापुढे असतात तशा.

लासिसीने झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. विहिरीत वाकून बघावं तसा तो बराच वेळ आत बघत राहिला. मग तुंबा उराशी धरून वेशीकडे चालू लागला. आजोकेने त्याचा सदरा धरला. सदरा फाटला, तो थांबला नाही. आम्ही वाट करून दिली.

तो परत आला नाही.

दुपारी पक्षवाले आले. रिकाम्या जागेसाठी माणूस हवा होता. सिनेमात शत्रूचा सेनापती कोण झाला होता, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं.