माळ्यावरचा महादेव

सुदेशने बागलकोटकडच्या एका खाणीतून तो दगड आणला तेव्हा तो भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला होता. पापुद्र्यावर पापुद्रा चढत पिंडीसारखा वर आलेला, दोन्ही हातांत जेमतेम मावणारा. मोहने गावातल्या चाळीत, घरी, आईने विचारलं, हा धोंडा कशाला? पृथ्वीवरच्या अगदी पहिल्या जिवांनी हा रचलाय, असं त्याने ऐटीत सांगून टाकलं. मग नाशिकला नोकरी लागली. दगड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. पुढे त्या खाणीत पाणी भरलं; तसा दुसरा दगड मिळायची सोय उरली नाही.

आई गेल्यावर तो परतला, ठाण्याच्या कॉलेजात शिकवू लागला आणि अर्धवट सोडलेली पीएच.डी. पुन्हा हाती घेतली. दगड मधोमध कापला, एका अर्ध्याच्या उजेड आरपार जाईल इतक्या पातळ चकत्या घासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, गाठीगाठींचे धागे दिसले. हे आईला दाखवायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं.

त्याच्या मार्गदर्शक मृणाल मॅडम हुरळल्या नाहीत. असा उंचवटा नुसत्या गाळानेही साचतो, त्या म्हणाल्या, आणि स्फटिकही धाग्यासारखे दिसतात. धागा जिवाचा हवा, आणि तो जीव दगडाइतकाच जुना हवा.

"दगड इतकी वर्षं होता कुठे?"

"माळ्यावर. कोरडा."

वर्षश्राद्धाला बहीण भावना आंबिवलीहून आली. जेवणं उरकल्यावर देवघर पुसताना तिने सहज विचारलं, "दादा, आईचा महादेव अजून माळ्यावरच का रे?"

"कुठला महादेव?"

"तुझाच की. तू नाशिकला गेलास आणि तिने तो खाली काढून इथे मांडला. दर सोमवारी दूध-पाणी. मी चिडवायचे, अगं, दादाच्या कॉलेजचा धोंडा आहे तो. तर म्हणायची, सगळ्यांच्या आधीचा जीव आहे त्यात, देव आणखी वेगळा असतो का? अंथरुणाला खिळली तेव्हा मलाच सांगितलं, सुद्याची ठेव आहे, होती तशी गुंडाळून वर ठेव."

दगड कापलाय, हे त्याला बहिणीला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच चकत्या पुन्हा पाहिल्या. आधी नजर फक्त धाग्यांवर होती. आता ते कुठून कुठे जातात ते पाहिलं. थरांच्या बाजूने एकही जात नव्हता. केसासारख्या बारीक भेगा धरून ते वरून आत उतरले होते, थर आडवे छेदत, म्हणजे दगड बनल्यानंतर. लेझरखाली तपासल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. दगडाबरोबर युगानुयुगं भाजून निघालेला कार्बन वेगळा असतो. हा कोवळा होता. बुरशी, दुधावर पोसलेली.

त्याने मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एक चकती स्वतः पुन्हा पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "नमुना बाद करावा लागेल, सुदेश."

"हो."

कापलेला उरलेला अर्धा त्याने घरी आणला. कापलेली बाजू भिंतीकडे करून देवघरात ठेवला; समोरून पाहणाऱ्याला तो अख्खाच वाटला असता. सोमवारी आईचा तांब्या भरून तो पुढ्यात बसला. आता पाणी ओतायला कशाचीच हरकत नव्हती. पण आत जे काही होतं ते तिच्या हातच्या पाण्यावर वाढलेलं होतं. त्यात आपलं पाणी मिसळावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

तांब्या तसाच भरलेला राहिला.