सीटबेल्ट, आरसा, हीटर

बाईंचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. घरी खुर्चीत बसून त्या मटार सोलत असल्या आणि कोणी दारातून भरकन आत आलं, तरी तो पाय फरशीवर दाबला जायचा. तेवीस वर्षं गाडी शिकवण्यात गेली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आवाज चढवायचा नाही, आणि खांबाकडे, भिंतीकडे किंवा एखाद्या निष्पाप सायकलवाल्याकडे झेपावणारी गाडी आपल्या बाजूच्या जादा ब्रेकने ऐन वेळी थांबवायची, हा त्यांचा धंदा.

गाडी एकच. तीन लाख नव्वद हजार किलोमीटर झालेली, त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गचके खात. बाईंचे यजमान तिला ‘तुझी थोरली’ म्हणत. त्यातला टोमणा बाईंना कधी लागला नाही. खरंच, दोन्ही मुलं नंतरची होती.

त्या वर्षी थंडी संपता संपता थोरलीला ताप यायला लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या वस्तादांनी बॉनेट उघडून कान लावला आणि वॉटर पंप गेल्याचं सांगितलं. इंजिनभोवती पाणी फिरवणारा तो पंप. त्याचं बेअरिंग खिळखिळं झालं होतं आणि सीलमधून थेंब थेंब गळत होतं. बदलायचा तर गाडी दोन दिवस ठेवून जावी लागणार होती. बाईंकडे दोन दिवस नव्हते. तोवरचा काही उपाय, असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की वस्ताद वैतागून म्हणाले, तापमानाचा काटा चढायला लागला की हीटर पूर्ण लावा, इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाईल. आणि रोज सकाळी गार इंजिनात पाणी बघत जा. हे आठवडाभर चालेल, असंही ते म्हणाले होते. बाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं नाही.

तीन महिने गेले. पलीकडच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलने नवी कोरी गाडी आणली होती, त्यामुळे आपली गाडी आजारी आहे हे शिकाऊंना सांगायची सोय नव्हती. बाई कारण न देता नुसता हुकूम सोडत: सीटबेल्ट, आरसा, हीटर. शिकाऊ लोक आज्ञाधारक असतात. त्यांनी ते त्याच क्रमाने वहीत उतरवून घेतलं. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी पास झाली, तिने नवी गाडी घेतली आणि सासू-सासऱ्यांना भर दुपारी पहिली चक्कर मारून आणली. त्यानंतर सासूबाईंनी गाडीचं नाव काढलं नाही. त्या मुलीने बाईंना फोन करून विचारलं, हीटर रोज लावायचा की फक्त लांबच्या प्रवासाला?

आणि मग परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा घेणारे साहेब अंगाने भारी, कडक उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे. बाईंचे पाच उमेदवार एकापाठोपाठ एक त्याच गाडीत बसले आणि पाचही जणांनी पट्टा लावला, आरसा नीट केला आणि हीटर शेवटपर्यंत फिरवला. पाचवी बाईंची नणंद होती. तिची चक्कर अर्ध्यावर थांबवून साहेब खाली उतरले. शर्ट पाठीला चिकटला होता.

“हे कोण शिकवतं?” त्यांनी विचारलं.

“वहिनी,” नणंद म्हणाली, आणि शाळेत खोडी सांगावी तसं बाईंकडे बोट केलं.

बाईंनी सगळं खरं सांगितलं. साहेबांनी वाकून इंजिनातून गळलेल्या पाण्याचे हिरवट थेंब जमिनीवर पाहिले. शुक्रवारी गाडी परत आणा, हीटर बंद ठेवून ती अर्धा तास मैदानात चालली पाहिजे, नाहीतर शिकवण्याच्या परवान्यातून तिचा नंबर काढून टाकतो, असं त्यांनी बजावलं. नणंदेची राहिलेली परीक्षाही त्याच दिवशी.

परवान्यातून नंबर गेला म्हणजे गाडी भंगारात, आणि गाडी भंगारात म्हणजे बाई घरात. त्यांनी त्याच दिवशी गाडी वस्तादांच्या ताब्यात दिली आणि स्टूल ओढून तिथेच बसल्या. वस्तादांनी पाणी काढलं, पंप फिरवणारा बेल्ट उतरवला, बोल्ट सोडवत पंप बाहेर आणला. पंपाची चकती पडायला आलेल्या दातासारखी डुगडुगत होती.

“बाई, हा कधीच गेला होता,” ते म्हणाले. “इतके दिवस गाडी तुमच्या भिडेखातर चालत होती.”

जुनाच बेल्ट परत लावता येईल का, असं बाईंनी विचारून पाहिलं. वस्तादांनी त्याच्यावरच्या भेगा त्यांच्या नाकासमोर धरल्या. मग जुनं गॅस्केट खरवडणं, नवा पंप, नवा बेल्ट. पाना निसटला की बाईंचा पाय दाबला जाई. दुसऱ्या दिवशी नवं पाणी भरून वस्तादांनी इंजिन चालू केलं आणि हीटर पूर्ण लावला. बाईंचा चेहरा उजळला.

“आत अडकलेली हवा काढायला लावलाय,” वस्ताद म्हणाले. “वीस मिनिटं. तीन महिने नव्हे.”

परत येताना काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. बाईंना त्याचा भरवसा वाटेना. काटाच बिघडला असणार म्हणून त्या अर्ध्या वाटेतून माघारी वळल्या आणि वस्तादांकडून तो तपासून घेतला.

शुक्रवारी साहेब नणंदेशेजारी बसले. बाई मैदानाच्या कडेला भिंतीशी उभ्या राहिल्या, पायाखाली ब्रेक नसताना. काचेतून त्यांना दिसलं की नणंदेचा हात सवयीने पुढे गेला, हवेतच थबकला आणि निमूट मागे आला. गाडी फेऱ्या मारत राहिली. वळली, थांबली, पुन्हा निघाली. चढावर जराशी मागे घरंगळली. बाई बॉनेटच्या फटींकडे पाहत होत्या. वाफ नव्हती.

अर्ध्या तासाने साहेब कोरड्या शर्टाने उतरले, वाकले, गाडीखालच्या सुक्या मातीवरून त्यांनी बोट फिरवलं.

“गाडी पास,” ते म्हणाले.

“आणि मी?” नणंदेने विचारलं.

चढावर गाडी मागे आली, पुढच्या महिन्यात या, असं सांगून साहेब पुढच्या उमेदवाराकडे गेले. बाई बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या होत्या. चेहरा नुसता फुलला होता.

“वहिनी, मी पाचव्यांदा नापास झालेय,” नणंद म्हणाली. “जरा तोंड तरी पाडा.”

बाईंनी मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही.

“वन्सं, सोमवारपासून या,” त्या म्हणाल्या. “साडेसहाची वेळ कालच रिकामी झालीय.”

“माहितीये. आज पास होणार म्हणून मीच सोडली होती ती.”