पाय उचलण्याची खूण

स्टेजवर जायच्या आधी बँजोकाका घाबरायचे आणि ते लपवायचेही नाहीत. "बघ, गार पडलेत," म्हणून हात माझ्या हातात द्यायचे. खरंच गार असायचे.

नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी टेक्सासमधल्या प्लेनोला आलेला हा माणूस चाळिशीनंतर शेजारच्या टेक्सन म्हाताऱ्याकडे बँजो, म्हणजे तिकडचं गिटारसारखं तंतुवाद्य, शिकला. त्यावर वाजतात त्या लोकगाण्यांना ब्लूग्रास म्हणतात. शब्द दुःखाचे, चाल धावती. काकांना ते फार पटलं. ग्रीन कार्डची वाट बघण्यावर त्यांनी इंग्रजीत गाणं लिहिलं, तर अमेरिकन श्रोते त्यावर ठेका धरायचे. काकू म्हणायच्या, "यांचं रडगाणंसुद्धा पळत असतं." काकांचं उत्तर ठरलेलं. "भीती वाटली की स्पीड वाढवायचा, यार. ती मागे पडते."

मी त्यांच्या मागे डबल बास हे माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवायचो. मला सुरांचं फारसं कळत नाही, पण मोजता येतं, आणि तेवढ्यावर भागतं. बँडमधले आम्ही चौघं एकाच माइकभोवती उभे राहायचो. गाणं संपवायचं झालं की गाणारा एक पाय उचलतो, आणि ते कडवं झालं की सगळे एकदम थांबतात. काकांच्या पायावर माझी नजर असायची.

लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांनी नवं गाणं धरलं. दुसऱ्याच कडव्यात पाय वर झाला. कडवं संपताच आम्ही थांबलो. काका एकटेच पुढचं गात राहिले, मग माझ्याकडे वळले. "मी नव्हता उचलला," ते हळू म्हणाले. पाय अजून थरथरत होता. लोकांना गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढच्या सरावाला काका खुर्ची घेऊनच आले. "आता पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. मी मान हलवली की थांबा."

"आणि हात?" मी विचारून बसलो.

"अजून ऐकतो. रोज सकाळी उठल्यावर आधी त्यालाच विचारतो."

पण त्यांच्या वाजवण्याचा स्पीड वाढत गेला. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढं फास्ट वाजवतायत म्हणजे काल झोपले नाहीत."

आता हातही ऐकत नाही. रविवारी आम्ही त्यांच्या घरी जमून त्यांचीच गाणी वाजवतो. पांघरुणाखाली पाय हलत असतो, तिकडे कोणी बघत नाही. काका डोळे मिटून पडलेले असतात. शेवटचं कडवं येतं, मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. मान हलत नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि माझ्या नकळत मी स्पीड वाढवलेला असतो.