भारतात कुठेही

निपाणीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर कोल्हापूर, बेळगाव, नाहीतर चिकोडी रोड गाठावं लागतं. अशा गावात जन्म काढून टाइमटेबल अण्णांना देशभरातल्या गाड्या तोंडपाठ होत्या. कुठली गाडी कुठल्या जंक्शनला किती वेळ थांबते, कुठे रुळांची रुंदी बदलते आणि बोचकी उचलून दुसऱ्या गाडीत चढावं लागतं, हे ते फायलीला टाचणी लावता लावता, मान वर न करता सांगत. कोल्हापूरहून गाडी असेल तर राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एस.टी. किती अडकेल याचाही हिशेब त्यात असायचा. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

सत्त्याहत्तर साली मी अण्णांच्या कचेरीत लागले. मी बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शेतकरी घरातली, पहिलीच नोकरी. कचेरी केंद्र सरकारची, त्यामुळे सगळ्यांना एल.टी.सी., म्हणजे प्रवासाची सवलत, लागू होती. चार वर्षांचा एक ब्लॉक. त्यात एकदा कुटुंबाला घेऊन भारतात कुठेही जा, तिकिटं सरकारकडून. ती बिलं तपासायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक लोक तिरुपतीला जाऊन येत आणि प्रसाद वाटून मोकळे होत. अण्णांना ते बघवायचं नाही. "सरकार म्हणतंय कुठंबी जावा, आनि ह्ये शेजारच्या घरात जाऊन आल्यागत आले," असं ते प्रसाद खाता खाताच म्हणायचे.

लांबच्या तिकिटावर वाटेत उतरायची मुभा असते, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. "उतरायची मुभा हाय तिथं उतरायचं. झोपून गेलासा तर तेवढी गावं वाया," असं ते बजावत. शाळेतले मास्तर, बँकेतले लोक, चिकोडीचे कोणकोण त्यांच्याकडे वाट आखून घ्यायला येत. अण्णा रद्द झालेल्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघ ओढत आणि उतरायच्या गावांवर टिंब देत. आमच्या हेडक्लार्कना त्यांनी एकदा दिल्लीच्या वाटेवर सात ठिकाणी उतरवलं. हेडक्लार्कांच्या पत्नी परत आल्या त्या आठवडाभर अंथरुणातून उठल्या नाहीत. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "शीण जातोय. बघितल्यालं ऱ्हातंय," म्हणाले.

एकदा मी त्यांना चिडवलं, की अण्णा, एवढी हाव बरी नाही. ते हसले नाहीत. त्यांच्या वस्तीतले ते पहिले सरकारी नोकर. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत. "बाई, माझ्या बापाला गावातनं जाताना कुठल्या वाटेनं जायचं ते दुसरी माणसं सांगायची," ते म्हणाले. "मला छापील कागदावर लिवून दिलंय, भारतात कुठंबी. त्यातलं अर्धं सोडून देऊ व्हय?" त्यानंतर मी त्यांना त्यावरून कधी चिडवलं नाही.

त्यांच्या आईला एकच गोष्ट बघायची होती, समुद्र. उभा जन्म वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेला. तिथला मुकादम म्हणायचा, आपला माल बोटीनं समुद्रापार जातो. खरं-खोटं कोण जाणे, पण आपल्या हाताखालून गेलेला माल ज्या पाण्यावरून जातो ते पाणी बघावं, असं आजींच्या मनाने घेतलं होतं. वखार सुटली आणि त्या अण्णांवर अवलंबून म्हणून सवलतीच्या यादीत आल्या, तेव्हा त्यांनी ते बोलून दाखवलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेले होते. "वेंगुर्ल्याला समुद्र हाय म्हणं. यष्टी जाती," आजी म्हणाल्या.

"आई, यष्टीनं काय, कवाबी जाता येतंय," अण्णा म्हणाले. "सवलत हाय तर समुद्र बघायचा शेवटाला जाऊन. कन्याकुमारी. तीन पाणी एका जाग्यावर." आणि त्यांनी तिथेच कागद ओढला.

पहिल्या वर्षी निघायच्या आधी धाकटीला गोवर निघाला. एक माणूस मागं ठेवून गेलं तर सवलत पुरती वापरली असं होत नाही, म्हणून सगळेच थांबले. पुढच्या वर्षी बायकोचं आजारपण. त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्याची एस.एस.एल.सी., म्हणजे दहावीची परीक्षा. ब्लॉक संपला, पण राहिलेली सवलत आणखी एक वर्ष वापरता येत होती, त्यामुळे अण्णा निर्धास्त होते. दर खेपेला नवा कागद, आणि त्यावर आधीच्यापेक्षा एखादं टिंब जास्तच. त्या काळात मी पुन्हा एकदा त्यांच्या घरी गेले. आजींनी बशीकडे हात नेला तो वीतभर बाजूला पडला. मला दिसलं. वय झालं, असं मनात म्हणून मी चहा प्यायले. आजही त्याची टोचणी आहे.

ब्याऐंशी साली अखेर ते सगळे गेले. अण्णा रजेवरून आले ते थेट टेबलाला बसले. कोणी विचारलं तर "झाला प्रवास," एवढंच. एरवी दुसऱ्याच्या प्रवासाबद्दल तासभर बोलणारा माणूस. चार दिवसांनी त्यांचं बिल माझ्याकडे आलं. सुवाच्य अक्षरात सगळी नावं, तिकिटांचे नंबर, आणि आईच्या नावावर आडवी रेघ. रेघेशेजारी स्वतःची सही.

मला वाटलं नजरचूक झाली. मी बिल घेऊन त्यांच्यापाशी गेले. "अण्णा, आजींचं नाव खोडलंय. त्या आल्या होत्या ना? तिकीट तर जोडलंय."

"आलती."

"मग नियमात बसतं की."

"बसतंय. मला ठाऊक हाय," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. किनाऱ्यावर सगळे उभे होते. पाण्यातल्या खडकाकडे एक बोट चालली होती. अण्णांनी हात करून दाखवली, आई, ती बघ बोट. आजींनी भलतीकडेच बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "दिसली की. लई मोठी हाय." शेजारी उभ्या धाकटीने आजीची हनुवटी धरली आणि अलगद बोटीकडे वळवली. सवय असल्यासारखी. अण्णांच्या तेव्हा ध्यानात आलं, की वाटेत प्रत्येक टिंबावर उतरल्यावर पोरगी हेच करत होती आणि ते स्वतः टाइमटेबल बघत होते. त्यांनी पोरीला विचारलं, कवापासनं? "दादाच्या परीक्षेपासनं," ती म्हणाली. "आजीनं सांगू नको म्हटलंय."

"काचबिंदू," अण्णा म्हणाले. "येताना मिरजेला दावलं. डाक्टर म्हणला, आधी आणायचं. बाई, सरकारनं तिला समुद्र बघाया पाठीवलंतं. तिनं न्हाय बघितला. मग तिच्या नावानं कसं मागू?"

मी बिल तसंच पुढे पाठवलं. कशाचा म्हणून कधी तुकडाही वाया न घालवणाऱ्या माणसाने सोडून दिलेलं ते एकच तिकीट.

त्या पावसाळ्यात मी आजींना भेटायला गेले. अण्णा घरी नव्हते. आजी दारात बसून हाताने चाचपत शेंगा फोडत होत्या. आवाजावरून मला ओळखलं. मी विचारलं, "आजी, डोळ्यांचं आधी का नाही सांगितलं? अण्णांनी सगळं टाकून तुम्हाला नेलं असतं."

"न्हेलं असतं गं," त्या म्हणाल्या. "खरं त्यो कागद घिऊन बसायचा, मला एकेक गाव वाचून दाखवायचा. लहानपणी बी कवा एवढा सुखात दिसला न्हाय मला. म्हटलं, दिसतंय तवर त्यालाच बघू. समुद्राचं काय."

पुढच्या वर्षी आजी गेल्या. नव्या ब्लॉकचा अर्ज अण्णांनी भरला नाही, त्याच्या पुढच्याचाही नाही. लोक वाट आखून घ्यायला येत राहिले. त्यांना ते गाड्या सांगत, पण कागद घेत नसत. सत्त्याऐंशीत माझी बदली बेळगावला झाली आणि काही वर्षांनी अण्णा गेल्याचं कानावर आलं. आजी काय म्हणाल्या ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आपण सुखात होतो हेही त्यांनी मनाला लावून घेतलं असतं.