आधी खिडकीशी

कुणीही हात पुढे केला की सिस्टर तो धरून खिडकीशी न्यायची, उजेडात उलटासुलटा करायची आणि म्हणायची, "आधी बघायचं, मग चोळायचं." लखनौच्या त्या सरकारी दवाखान्यात मी आया होते, चौथी शिकलेली. ती आमच्याच वर्ध्याकडची, माझ्याहून लहान.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मलम मागायला जावं तर मलमाआधी प्रश्न मिळतात. काय खाल्लं, कशाने धुतलं, कधी उठलं. लोक वैतागायचे. मीही वैतागले.

त्या हिवाळ्यात माझ्या सुजाताच्या अंगावर पित्त उठायला लागलं. हातावर, गालावर लाल गांध्या, आणि खाज अशी की पोर रडायची. मी आपल्याकडचा उपाय केला. नणंदेने धाडलेली आमसुलं भिजवून ते पाणी रोज सकाळी अंगाला चोळलं. जितकं चोळलं तितकं जास्त उठलं. मग वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले. पोर वाळली.

शाळेतल्या बहनजींनी तिला घरी पाठवलं. "छूत की बीमारी है. परेड में नहीं जाएगी." सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत झेंडा सुजाताच्या हातात असणार होता. तिने जेवण सोडलं.

मी तिला सिस्टरकडे नेलं. हात खिडकीशी गेला.

"आमसुलाचं पाणी गरम करता का?"

"छे. नळाचंच."

"या थंडीत? मग काऊन चोळून राह्यल्या बाई? पोरीला थंडीनंच पित्त उठते, आन् तुम्ही थंडीच चोळता."

मला पटलं नाही. बहनजींना तर मुळीच पटलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सिस्टर लसीच्या पेटीतला बर्फ घेऊन शाळेत आली. बर्फ लोट्यात घातला, लोटा आधी सुजाताच्या हातावर टेकवला, मग बहनजींच्या. थोड्या वेळाने सुजाताच्या हातावर लोट्याच्या बुडाएवढी गोल गांधी उठली. बहनजींचा हात साफ. सिस्टरने तो सुजलेला हात स्वतःच्या गालाला लावला. "लीजिए, लगी छूत?"

बहनजींनी सुजाताला वर्गात बसवून घेतलं. शाळा सुटेपर्यंत गांधी उतरली होती.

मग नियम आले. गरम पाणी, लोकरीचे मोजे, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी. गोमतीत डुबकी नाही. ओठ सुजले किंवा दम लागला तर धावत दवाखान्यात. वांगं सुरू. "आन् आमसुलाचं सार करा. गरम गरम पाजा."

सव्वीस तारखेला सुजाता हातमोजे घालून पहिल्या रांगेत चालली. धुक्यात मला झेंडा तेवढा दिसत होता, सरळ होता.

सिस्टर ड्यूटीवर होती. परेड सुटल्यावर सुजाता थेट तिच्याकडे पळाली, मोजे काढले आणि स्वतःच हात खिडकीशी धरले. "देखिए सिस्टर, कुछ नहीं है."

सिस्टरने दोन्ही बाजूंनी पाहिले. "नाही काही," म्हणाली, आणि पहिल्यांदाच पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे तिची बदली झाली. पत्ता मी घेतला नाही, चुकलंच. नवी सिस्टर न बघताच मलम द्यायची. मी मात्र नोकरी सुटेपर्यंत दारातच पेशंटला अडवायचे. "पहले खिड़की पर चलिए. हाथ दिखाइए."